कमानवाले मामू आणि कडू भोपळा

आवाजाचा इतका हावरा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. खाण्याचे हावरे पुष्कळ भेटतात, मानाचे तर आमच्या बीड जिल्ह्यात पावलोपावली भेटतात. पण मामूंच्या कानांना जणू भस्म्या रोग झाला होता. रहाटाची कुरकुर, शिलाई मशिनची घरघर, शेजारच्या खोलीतला खोकला, कुठलाही आवाज कानावर पडला की त्याला एकटं सोडणं त्यांच्या जिवावर येई. बोटं वळवळू लागत आणि ते आपलं वाद्य, म्हणजे कमान, आणायला धावत. परवा निहारने फोनवर सांगितलं की तो तिकडे परदेशात एका कार्यक्रमाला गेला होता. आफ्रिकेतल्या धनुष्यासारख्या जुन्या वाद्यावर एक बाई पिढीजात चाली वाजवत होत्या, आणि बाकीची तरुण मंडळी त्यांना जोडून आयत्या वेळी सुचेल ते वाजवत होती. "आजी, असं आजवर कुणी केलंच नव्हतं," असं तो म्हणाला. मी नुसतं "हो का?" म्हटलं, कारण इतकं लांबचं फोनवर सांगता येत नाही आणि बोलताना मधेच लाइन तुटलेली मला खपत नाही. म्हणून हे लिहिते आहे. ऋता, तूही वाच. बाळांनो, हे असं मी जवळजवळ रोज ऐकलेलं आहे. सिरसाळ्याच्या बाजूला, एका सहकारी जिनिंगच्या आवारात, आणि तेही बहुतेक वेळा भाकऱ्या थापताना.

तुमचे आजोबा त्या सोसायटीचे मॅनेजर होते. गावोगावचा कापूस गाड्या भरून तिथे येई, आणि जिनमधून सरकी एका बाजूला, रुई दुसऱ्या बाजूला पडे. आम्ही आवारातच राहत असू. समोर कामगारांच्या खोल्या, आणि इंजिनघराला पाठ लावून मामूंची खोली. मामू इंजिन सांभाळत. त्यांचे आजोबा निजामाच्या घोडदळात सिद्दी पथकात होते, आणि त्यांच्याही आधीची माणसं दर्यापलीकडून, आफ्रिकेतून आलेली. निजामाचं राज्य गेलं, घोडे गेले, आणि त्या स्वाराचा नातू आमच्याकडे इंजिनाला तेल घालायला आला. दारातून आत येताना वाकावं लागेल एवढी उंची, दाट कुरळे केस, ग्रीसने कडक झालेला सदरा, आणि चेहरा कायम कुणीतरी आत्ताच हाक मारल्यासारखा. सगळं आवार त्यांना मामू म्हणे. खऱ्या नावाने त्यांना फक्त त्यांची अम्मा हाक मारायची, आणि तीही रागावली असेल तरच.

त्यांची कमान म्हणजे माणसाच्या उंचीचा वाकवलेला बांबू. त्याला ताणून बांधलेली तांत त्यांनी एका पिंजाऱ्याकडून, कापूस पिंजायच्या धनुकलीची, मागून आणलेली. बांबूच्या खालच्या अंगाला तोंड कापलेला, वाळलेला कडू भोपळा, म्हणजे तुंबा. तुंब्याचं तोंड उघड्या पोटाला लावायचं, एका हातात कमान आणि एक जुनं झिजलेलं नाणं, दुसऱ्या हातात बारीक काडी. काडी तांतीवर आपटली की आवाज तुंब्यात जाई, तिथून मामूंच्या पोटाला धडकून बाहेर येई. नाणं तांतीला टेकवलं की सूर वर चढे. म्हटलं तर दोनच सूर. पण तुंबा पोटापासून कधी लांब, कधी जवळ नेत ते त्या दोन सुरांना हसायला लावत, कण्हायला लावत. जेवल्याबरोबर ते कधी वाजवत नसत. "भरल्या पोटावर वाजवलं की आवाज झोपतो, भाबी," असं त्यांचं म्हणणं.

आमच्या इंजिनात एक खोड होती. ठोके नीट पडता पडता एखादा ठोका गिळलाच जाई, मग पुन्हा सुरळीत. आजोबांना ते ऐकवत नसे. मामूंना मात्र त्या गिळलेल्या ठोक्याची इतकी माया, की इंजिन सुरू करून ते दारात बसत आणि ती जागा आली रे आली की आपल्या काडीने बरोबर भरून काढत. त्याच्या आजूबाजूला मग आणखी काही सुचे, त्याला आणखी काही फांद्या फुटत, आणि सकाळभर ते दोघं, इंजिन आणि मामू, एकमेकांशी गप्पा मारत बसत. आजोबांनी किती वेळा सांगितलं असेल, "मामू, तो ठोका दुरुस्त करा हो, तुम्ही इंजिनवाले आहात." मामू कळवळून म्हणत, "करतो की साहेब. पण मग माझ्यासाठी त्यात जागा कुठं राहिली?" आजोबा ऑफिसात परतत आणि ठोका तसाच राही.

मी हैदराबादेला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. दुपारी भांडी पालथी घातली, डबे जागच्या जागी लावले की इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायची माझी सवय होती, उच्चार गंजू नयेत म्हणून. एकदा मी अग्रलेख वाचत होते आणि खिडकीखालून कमान ऐकू यायला लागली. मी थांबले की ती थांबे. मी स्वल्पविरामाला श्वास घेतला की तिथे एक हलकं टिचकं. मी डोकावून विचारलं, "मामू, तुम्हाला यातलं कळतं काय?" तर म्हणाले, "कळत न्हाई म्हणून तर बरं वाटतं. तुमची इंग्रजी लई ठुमकत चालती भाबी. वाचा वाचा, आमचं काम अर्ध्यात हाय." सोसायटीच्या वार्षिक सभेत तर त्यांनी चेअरमनसाहेबांचं भाषणच धरलं. पहिल्यांदा साहेब भडकले. पण टाळीच्या प्रत्येक जागेआधी एक ठोका पडतो आणि मागच्या बाजूला पेंगणारे सभासद दचकून टाळ्या देतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या वर्षी माइक हातात घेण्याआधी त्यांनीच शिपायाला विचारलं, "मामू आलाय का न्हाई बे? आल्याबगर म्या उभा राहनार न्हाई."

सगळ्या आवारात मामूंच्या या वाजवण्यावर नाराज असलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची अम्मा. अम्मांना दिसत नसे. कमान मुळात त्यांच्या वडिलांची, आणि तिच्यावरची एक चाल त्यांच्या आजीची. त्या चालीला शब्द होते, पण त्यांचा अर्थ अम्मांनाही माहीत नव्हता. आजीला तिच्या आजीने दिले, तसे त्यांनी ते सांभाळले होते. चाल साधी. खालच्या सुरावर फिरत फिरत वर जायची, उतरायची, आणि उतरल्यावर एक जागा रिकामी. तिथे काही वाजवायचं नाही. मग पुन्हा सुरुवात. मामूंची पंचाईत त्या रिकाम्या जागेशी होई. इंजिनाचा गिळलेला ठोका ज्यांना सोडवत नाही, त्यांना ही एवढी मोठी मोकळी जागा कशी सोडवणार? हात तिथे आला की घसरलाच. काडीचं एखादं टिचकं, तेवढ्यात शेळी ओरडली तर तिला जबाब, आणि मग चाल कुठल्या कुठे. बाजेवरून अम्मा ओरडत, "गलत! वो जगा खाली है रे. खाली छोड."

"अम्मा, खाली जगा में मेरे कू कुछ तो बी सुनाई देता."

"सुनाई देता तो सुन. बजा नक्को. पैले मेरा बजा, बाद में तेरा."

हे भांडण मी वर्षानुवर्षं ऐकलं. ऐकायला गंमत वाटे. पण अम्मांच्या मागे ती चाल जाणणारं कुणी नव्हतं, आणि मामूंच्या हातून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्या रिकाम्या जागेसकट, एकदाही आलेली नव्हती. "एक बार सही बजा, फिर मेरे कू कबरस्तान ले जाओ," असं अम्मा म्हणत. मामू हसून टाळत. "उद्या वाजवतो" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मग तो दुष्काळ आला, ज्याला आमच्याकडे अजूनही नुसतं 'तो दुष्काळ' म्हणतात. लागोपाठ पाऊस चुकला. कापूस नाही म्हणून गाड्या नाहीत, गाड्या नाहीत म्हणून इंजिन बंद. आवारातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेली ती परतलीच नाहीत, उरलेली रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात आणि संध्याकाळी तांबडी, आंबूस वासाची मिलो ज्वारी घेऊन येत. सोसायटीच्या विहिरीचा तळ दिसू लागला. एकाआड एक दिवस टँकर येई. त्या शांततेत मामू अगदी पोरके झाले. कमान पोटाला लावून ते इंजिनघराच्या दारात बसत आणि कशाला जबाब द्यावा हेच त्यांना कळत नसे. आणि त्यात एका कोरड्या दुपारी भिंतीवर टांगलेला तुंबा उन्हाच्या तावाने वरपासून खालपर्यंत तडकला.

तुंबा गेला म्हणजे कमानीचा गळाच गेला. नुसत्या तांतीचा आवाज वीतभर लांब बसलेल्या माणसालाही ऐकू जाईना. अम्मा त्याच सुमारास बाजेला खिळल्या होत्या. त्यांनी उशीखालची एक पुरचुंडी सोडून मामूंच्या हातात दिली. त्यात कडू भोपळ्याच्या बिया होत्या. "अब उद्या मत बोल," एवढंच त्या म्हणाल्या. पेरून, वाढवून, पिकवून, वाळवून मग त्यावर वाजवायचं, आणि तोवर अम्मांनी टिकायचं, असा तो सौदा. मामूंनी इंजिनघराच्या भिंतीशी, जिथे पूर्वी इंजिनाचं पाणी झिरपे, तिथे बी टोचलं, आणि आपलं आंघोळीचं पाणी त्याला द्यायला लागले. अर्थात आंघोळ बंद झाली.

शेवंताबाई समोरच्या खोलीत राहायची. पूर्वी जिनात सरकी भरायची, आता खडी फोडायची. जिभेचा पट्टा तिचा इंजिनाच्या पट्ट्यापेक्षा लांब. तिने पहिल्याच दिवशी सुनावलं, "कावून ओ मामू, मानसाला प्यायला न्हाई अन् ह्या कडू भोपळ्याला पानी! भाजी तरी व्हती का ह्याची?"

"भाजी न्हाई होत, शेवंताबाई. हा बोलतो."

"मंग पानी तोंडानं मागू द्या की त्याला."

"मागतोय की. तुमाला ऐकू येईना."

शेवंताबाई फणकारून आत गेली. पण संध्याकाळी ती अम्मांजवळ बसली होती, आणि अम्मा तिला ती चाल गुणगुणून दाखवत होत्या. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. तिला दक्खनी येत नव्हती आणि अम्मांना तिची मराठी कळत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून शेवंताबाई हात धुतलेलं पाणी वेलाशी आणून ओतू लागली. मग इतर बायका. माझ्या घरात पाण्याचं वेळापत्रकच होतं: घमेल्यात उभं राहून आंघोळ, त्याच पाण्याने फरशी, आणि फरशीचं गाळून वेलाला. कळ्या आल्या तेव्हा कोरड्या हवेत मधमाशी म्हणून दिसेना. तर मामू दिवेलागणीला कापसाची वात घेऊन या फुलातलं पिवळं त्या फुलाला लावत बसले. बायकांनी तेवढ्यात हळदीचं गाणं सुरू केलं. "नवरी कोन हाय ती तरी सांगा मामू!" शेवंताबाई ओरडली, आणि मामू लाजले. त्या वर्षात आवार मनापासून हसलेलं मला तेवढंच आठवतं.

तीन फळं धरली. दोन बोटाएवढी असतानाच गळाली, तिसरं राहिलं. ते मुठीएवढं झालं, नारळाएवढं झालं, मग घागरीच्या पोटासारखं गोल गरगरीत झालं. येता-जाता जो तो त्यावर डोळे टेकवून जाई. शेवंताबाईने त्याला काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला. मग एके दिवशी मामूंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आता पाणी तोडायचं. वेल सुकला पाहिजे. तुंबा वेलावरच वाळतो, आत बिया वाजाय लागल्या की झालं." बायकांनी माना डोलावल्या. तोवर अम्मांचा घास पेजेवर आला होता. त्या रोज विचारत, "पका क्या रे?" आणि मामू म्हणत, "पकता है अम्मा."

वेलाची पानं खाली पडू लागली, देठ पिवळा पडू लागला. जसं व्हायला हवं होतं तसंच सगळं होत होतं. पण बाळांनो, त्या वर्षी त्या बायकांनी डोळ्यांसमोर काय काय वाळताना पाहिलं होतं! शेतं, झाडं, गोठ्यातली जनावरं. कुठेच हात चालला नव्हता. एवढा एक वेल त्यांनी स्वतःच्या हाताने जगवला होता, आणि आता तोही पानापानाने मान टाकत होता.

ठरलेल्या सकाळी मामू विळा घेऊन वेलाशी बसले. आम्ही सगळ्या भोवती उभ्या. त्यांनी तुंबा खालून हातात घेतला, आणि त्यांचा अंगठा आत गेला. बूड मऊ पडलं होतं. आंबूस पाणी त्यांच्या मनगटावरून खाली ओघळलं. मामूंनी बोटाने वेलाच्या मुळाशी माती उकरली. माती ओली होती.

"पाणी कुणी दिलं?"

 मग शेवंताबाई पदराने तोंड झाकून म्हणाली, "म्या दिलं मामू. एकच तांब्या, सांच्याला. बगवलं न्हाई मला."

"म्या बी," मागून एकजण म्हणाली. "सकाळच्या पारी. मला वाटलं, म्या एकटीच हाय."

"मी पन, दुपारच्याला." "मी बी, मामू." प्रत्येकीने आपल्यापुरता एकच तांब्या दिला होता, दुसरीची पाठ वळल्यावर, आपल्या प्यायच्या पाण्यातून.

मामू ते ऐकत राहिले. मग त्यांनी वर बघितलं, आणि खरंच आश्चर्य वाटल्यासारखे म्हणाले, "बापरे, इतकं पाणी होतं आपल्या आवारात?" शेवंताबाई रडायलाच लागली.  तेवढ्यात खोलीतून अम्मांचा आवाज आला, पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक: "पका क्या रे?"

मामूंनी मनगट पुसलं. "पका, अम्मा."

पण वाजवणार कशावर? ते तसेच उभे राहिले. शेवंताबाई नाक पुसत आपल्या खोलीत गेली आणि मातीची घागर घेऊन आली. "ह्ये बघा. रिकामीच हाय. आज टँकर न्हाई." मामूंनी घागर उलटीसुलटी करून बघितली, बोटाने वाजवून बघितली, मग अम्मांच्या बाजेशी भुईवर बसून ती दोन गुडघ्यांत धरली, कमान तिच्या तोंडावर टेकवली आणि पहिला ठोका दिला. आवाज पोटातून येई तसा नव्हता. जमिनीखालून आल्यासारखा, जाड आणि थंड होता.

अम्मांनी मान वळवली. "ये तुंबा नई. मटका है ना?"

"हौ, अम्मा."

"चलता. गलत मत बजा."

आम्ही दारात दाटीवाटीने उभ्या होतो. तुमचे आजोबाही ऑफिसातून येऊन मागे उभे राहिले होते. मामूंनी ती चाल धरली. खालून वर गेले, वरून उतरले, आणि ती रिकामी जागा आली. बाहेर कुणाची तरी बादली खडखडली. मामूंची काडी हवेत होती. बादलीला जबाब द्यायला तो हात किती आसुसला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शेवंताबाईने माझा दंड घट्ट धरला. काडी खाली आली नाही. जागा रिकामी गेली. मग पुन्हा सुरुवात, पुन्हा चढ, पुन्हा उतार, पुन्हा ती जागा. अम्मांचे ओठ हलत होते, ते अर्थ हरवलेले शब्द बरोबर जागेवर पडत होते. चाल संपली तेव्हा अम्मा हसल्या. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"सही," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "अब तेरा बजा."

मामूंनी काडी उचलली. आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली, ते त्यांना मिळालं होतं. काडी तांतीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. काही केल्या सुचेना. अम्मा वाट बघत राहिल्या, आणि वाट बघता बघताच त्यांचा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

पुढे पाऊसपाणी झालं, कापूस आला, गाड्या आल्या, जिन सुरू झालं. पहिल्या दिवशी इंजिन चालू झालं तेव्हा आम्ही सगळ्याच हातातलं काम टाकून ऐकत होतो. ठोके पडत गेले, आणि मग तो गिळलेला ठोका आला. मोकळा गेला. पुढचाही मोकळाच गेला. मामू दारात बसले होते, कमान भिंतीला टेकलेली. नंतर काही दिवसांनी आजोबा दुपारी घरी आले, चहाचा कप पुढे ओढला आणि म्हणाले, "मामूंनी तो ठोका दुरुस्त केला. मी काही बोललो नव्हतो." चहा तसाच निवला. मामू पुढेही वाजवत, पण फक्त अम्मांची चाल, जशीच्या तशी, त्या घागरीवर. मी मुद्दाम खिडकीत बसून, चांगला ठसक्यात, इंग्रजी पेपर वाचून बघितला. ते खालून जाताना थांबून सलाम करत आणि पुढे जात.

जिनिंग बंद पडलं तेव्हा ते हैदराबादेला नात्यातल्या कुणाकडे गेले. जाण्याआधी त्या सडलेल्या तुंब्याच्या बिया, धुऊन वाळवून ठेवलेल्या, त्यांनी माझ्याकडे आणून दिल्या. "भाबी, तुमच्या डब्यात काही हरवत न्हाई," म्हणाले. हरवलं नाही. दर वर्षी मी मागच्या कुंपणाशी एक वेल लावते. निहार, तुझ्यासाठी एक चांगला वाळलेला तुंबा फडताळात ठेवला आहे. येशील तेव्हा ने. आणि पुन्हा त्या कार्यक्रमाला गेलास, तर बाईंची जुनी चाल संपल्यावर ती तरुण मंडळी आपलं वाजवतात ना, ते माझ्यासाठी जरा लक्ष देऊन ऐक. तेवढं आमच्याकडे ऐकायचं राहून गेलं.

वेलाला पाणी कधी तोडायचं, ते मला आता बरोबर कळतं. पानं खाली पडू लागली की मी खिडकी लावून घेते. तरी हात तांब्याकडे जातोच.